युसेबिओ : गोलकीपरसाठी वाजलेल्या टाळ्या

मध्यरेषा

आज ५ जानेवारी. २०१४ साली याच दिवशी लिस्बनमध्ये पोर्तुगालचा फुटबॉलपटू युसेबिओ गेला. वय ७१. आणखी वीस दिवसांनी त्याला बहात्तर पूर्ण झाली असती. दरवर्षी या तारखेला मी एक जुना, काळापांढरा चित्रफितीचा तुकडा बघते. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. यंदा वाटलं, एकटीनं बघण्यापेक्षा इथे त्यावर बोलूया.

२९ मे १९६८, वेम्बली. युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, अंतिम लढत. एका बाजूला मँचेस्टर युनायटेड, संघातले अनेक खेळाडू गेले त्या म्युनिकच्या विमान अपघाताला दहा वर्षं झालेली, आणि त्या अपघातातून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स मैदानात. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या शर्टातली बेन्फिका, युसेबिओचा लिस्बनचा क्लब. चार्ल्टननं गोल केला, ग्रासानं ७९व्या मिनिटाला बरोबरी साधली. १-१. नव्वद मिनिटं संपत आलेली असताना युसेबिओ मोकळा सुटतो. समोर फक्त गोलकीपर, अ‍ॅलेक्स स्टेपनी. युसेबिओ पूर्ण ताकदीनं फटका मारतो. चेंडू स्टेपनीच्या छातीपाशी जातो आणि तिथेच राहतो. हाताला लागून उडत नाही, सुटत नाही, त्यानं तो धरलेला असतो.

आता बघा, त्या क्षणी युसेबिओनं काय गमावलं होतं. तो गोल झाला असता तर कप बेन्फिकाचा होता. १९६३ ला याच वेम्बलीवर मिलानकडून हरलेले, १९६५ ला इंटरकडून हरलेले. तिसऱ्यांदा हातात आलेली संधी गेली. आपण असतो तर डोकं धरून खाली बसलो असतो. तो पुढे जाऊन स्टेपनीच्या पाठीवर थाप देतो आणि टाळ्या वाजवतो. मनापासून, दोन्ही हात वर घेऊन.

त्यानंतर जादा वेळेत युनायटेडनं तीन गोल केले. बेस्ट, किड आणि पुन्हा चार्ल्टन. ४-१. कप गेला तो गेलाच.

मला त्या टाळ्यांबद्दल तुमच्याकडून ऐकायचंय. आणि युसेबिओबद्दल जे काही आठवत असेल तेही. लांब लिहिलंत तरी चालेल.

पेठेतला गोली

ताई, हा धागा काढलात, बरं केलंत. मी कोल्हापूरचा, गोलकीपर म्हणून अकरा वर्षं खेळलो. त्यामुळे मी हा तुकडा युसेबिओकडे बघत नाही, स्टेपनीकडे बघतो.

फॉरवर्ड एकटा अंगावर येतो तेव्हा गोलकीपरला विचार करायला वेळ नसतो. पुढे यायचं, अंग मोठं करायचं, कोन बंद करायचा, इतकंच. स्टेपनी पुढे आला ते अगदी वेळेवर. अनेकजण म्हणतात, युसेबिओनं जोर लावायच्या ऐवजी बाजूला नुसता ढकलला असता तर गोल होता. बरोबर आहे. पण तो कोपरा बंद कोणी केला होता? स्टेपनीनं. आणि त्या पायातून आलेला फटका छातीवर घेऊन धरून ठेवणं म्हणजे काय, हे ज्याच्या छातीवर असा चेंडू बसलाय त्यालाच कळेल. चेंडू उडाला असता तर मागून येणाऱ्यानं रिकाम्या जाळ्यात टाकला असता.

गोलकीपरच्या नशिबी टाळ्या कमी. दहा वाचवले ते कोणी मोजत नाही, एक सुटला तो गावभर. आपल्या माणसांनी पाठ थोपटली तर आनंद होतोच. पण ज्याचा गोल तुम्ही हिसकावून घेतला त्यानंच पाठ थोपटली तर ती पावती वेगळी. त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं तो फटका किती अवघड होता.

माझ्या बाबतीत एकदाच झालंय. शाहू स्टेडियम, उपांत्य सामना. समोरच्या पेठेच्या फॉरवर्डचा हेडर मी बोटांच्या टोकानं बारवरून काढला. त्यानं उठता उठता माझ्या हातावर हात मारला आणि म्हणाला, “भावा, गोल हुता की रं!” आम्ही तो सामना हरलो. माझ्याच चुकीनं, शेवटच्या मिनिटाला चेंडू हातातून निसटला. परतताना आमच्याच गाडीत माझ्याशी कोणी बोललं नाही. पण तो हातावरचा हात मला अजून आठवतो. सत्तावीस वर्षं झाली.

आकड्यांचा नाद

+१. गोलीदादा, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

नोंदीसाठी : बेन्फिकाकडून ४४० अधिकृत सामन्यांत ४७३ गोल, पोर्तुगालकडून ६४ सामन्यांत ४१. अकरा लीग विजेतेपदं. १९६५ चा बॅलन डिओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. युरोपातल्या सर्वाधिक गोलांसाठीचा सुवर्ण बूट १९६८ पासून द्यायला लागले, तो पहिला यालाच मिळाला. त्या हंगामात लीगमध्ये ४२ गोल. म्हणजे धाग्यातला स्टेपनीचा प्रसंग त्याच हंगामाच्या शेवटी घडला. गोल ही ज्याच्या हातची गोष्ट होती, त्याचा गोल अडवला गेला होता. हे लक्षात घेतलं की त्या टाळ्यांचं वजन वाढतं.

मांडवीतीर

माझी आठवण ऐकीव आहे, बाबांकडून आलेली. पण आमच्या घरात ती इतक्या वेळा सांगितली गेलीय की मला ती पाहिल्यासारखी वाटते.

२३ जुलै १९६६. लिव्हरपूलला दुपारचे तीन, आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. फोंड्याजवळचं आमचं घर, बाहेर धो धो पाऊस, आणि ओसरीवर शॉर्टवेव्ह रेडिओ. आवाज येतो, जातो, मधेच नुसती खरखर. पोर्तुगाल विरुद्ध उत्तर कोरिया, वर्ल्ड कपचा उपउपांत्य सामना. पंचवीस मिनिटांत कोरिया ३-०. बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. शेजारचे दोघं म्हणाले, बरं झालं, जिरली पोर्तुगीजांची.

यामागचं सांगायला हवं. गोवा मुक्त होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. आमच्या आजोबांनी आग्वादच्या तुरुंगात दिवस काढले होते. पोर्तुगाल हे नावसुद्धा आमच्या घरात नीट तोंडानं घेतलं जात नसे. त्यामुळे शेजाऱ्यांचं बोलणं साहजिक होतं. पण आजोबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, “तो पोर आफ्रिकेचो. आमचेसारकोच.”

आजोबांना युसेबिओ माहीत होता कारण आमच्या वाड्यावरच्या एका घरातले लोक लॉरेन्सो मार्किसला, म्हणजे मोझांबिकच्या राजधानीत (आजच्या मापुतोत), होते. त्या काळी गोव्यातली कितीतरी माणसं मोझांबिकला कारकुनीत, बंदरात, रेल्वेत नोकरीला. सुटीला आले की तिथल्या गोष्टी सांगत. मफलाला नावाची पत्र्याच्या घरांची वस्ती, तिथे पायमोज्यात कागद कोंबून केलेल्या चेंडूनं अनवाणी खेळणारी पोरं, आणि त्यातलाच एक लिस्बनला जाऊन मोठा झालेला.

मग पुढची पस्तीस मिनिटं रेडिओवर एकच नाव येत राहिलं. चार गोल त्याचे. शेवटी ५-३. बाबा म्हणतात, आजोबा हसले नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त प्रत्येक गोलाला रेडिओच्या डोक्यावर हलकेच बोट टेकवत होते.

मध्यरेषा

मांडवीतीर, काय लिहिलंत हो! “आमचेसारकोच” यावर थांबले मी.

आकड्यांचा नाद

त्या सामन्याबद्दल थोडं. गोल २७व्या, ४३व्या, ५६व्या आणि ५९व्या मिनिटाला. दुसरा आणि चौथा पेनल्टीवर. चौथ्याआधी तो डाव्या बाजूनं मधल्या पट्ट्यातून एकटा धावत आत शिरला, त्याला पाडलं, तो लंगडत उठला आणि पेनल्टी स्वतःच मारली. पाचवा गोल जोसे ऑगुश्तूचा.

यात एक दृश्य सगळ्यांना ठाऊक आहे. गोल झाला की आनंद करायला न थांबता तो जाळ्यातून चेंडू उचलतो आणि काखेत मारून मध्यरेषेकडे पळतो. अनेक ठिकाणी हे खिलाडूवृत्तीचं उदाहरण म्हणून देतात. माझं मत वेगळं आहे. ती खिलाडूवृत्ती नव्हती, ती घाई होती. ०-३ ने मागे असलेल्या माणसाची भूक. आणि मला ती त्याच्या टाळ्यांइतकीच आवडते. कारण काहींना वाटतं, प्रतिस्पर्ध्याचं कौतुक करणाऱ्याला जिंकायची आग कमी असते. या माणसात दोन्ही काठोकाठ होतं.

पेठेतला गोली

शंभर टक्के. ज्याला जिंकायचंच नाही त्यानं टाळ्या वाजवल्या तर त्या फुकटच्या.

रोखठोक

सगळे भारावून लिहिताहेत, मला एक खुपणारी गोष्ट मांडायची आहे. वाईट वाटून घेऊ नका, मीही त्याचा चाहता आहे.

याच वर्ल्ड कपमध्ये, कोरियाच्या सामन्याच्या चार दिवस आधी, १९ जुलैला, लिव्हरपूलच्या त्याच गुडिसन पार्कवर पोर्तुगालनं ब्राझीलला ३-१ हरवलं. दोन गोल युसेबिओचे. आणि त्या सामन्यात पोर्तुगालच्या मोराइशनं ब्राझीलच्या पेलेला एकाच धावेत दोनदा तुडवलं. एकदा पाडला, तो तोल सावरतोय तोवर पुन्हा पायावर गेला. त्या काळी बदली खेळाडू नव्हते. पेले लंगडत मैदानाच्या कडेला फिरत राहिला आणि ब्राझील स्पर्धेबाहेर गेलं. जगातला सर्वोत्तम खेळाडू असा संपवून मिळवलेला विजय. त्या संघाच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला आपण खिलाडूवृत्तीचा पुतळा म्हणतोय. संघाची जबाबदारी त्याच्यावर थोडीही येत नाही का?

शिट्टी

मी जिल्हा पातळीवर रेफरी म्हणून काम करतो, विदर्भात. रोखठोक यांचा मुद्दा योग्य आहे आणि तो टाळू नये.

आज मोराइश पहिल्याच टॅकलला बाहेर गेला असता. तेव्हा लाल-पिवळी कार्डं नव्हती, ती १९७० च्या वर्ल्ड कपपासून आली. पण रेफरीला खेळाडू बाहेर काढायचा अधिकार तेव्हाही होता. त्या सामन्याचे रेफरी जॉर्ज मॅकेब यांनी तो वापरला नाही. मला विचाराल तर पहिला दोष मोराइशचा, दुसरा शिट्टीचा. तो सामना मी नव्या रेफरींना मुद्दाम दाखवतो. पहिला फाउल सोडला की दुसरा तुमच्या नावावर जमा होतो.

युसेबिओवर तो दोष घालता येत नाही, असं मला वाटतं. कर्णधार कोलुना होता आणि युसेबिओ २४ वर्षांचा. शिवाय त्याच संघातला विसेन्ते लुकास हा बचावपटू पेलेला याआधीही अडवत आला होता, तो चेंडू खेळून, पाय खेळून नाही. म्हणजे एकाच संघात मोराइशही होता आणि विसेन्तेही. विसेन्ते मूळचा मोझांबिकचाच. दुर्दैवानं आपण विसेन्तेचं नाव विसरलो आणि मोराइशचं लक्षात ठेवलं.

रोखठोक

शिट्टी साहेब, विसेन्तेबद्दल माहीत नव्हतं. तुमचं उत्तर पटलं, पण पूर्ण नाही. मैदानावर असलेल्या मोठ्या माणसानं आपल्या साथीदाराला एकदा तरी डोळे वटारून दाखवावेत, एवढी माझी अपेक्षा आहे. कदाचित ते झालंही असेल. रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही.

सातासमुद्रापार

मी २०१२ ते २०१६ लिस्बनमध्ये राहत होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. फुटबॉलमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. ५ जानेवारीला रविवार होता. सकाळी खालच्या पेस्ट्रीच्या दुकानात पाव आणायला गेले तर सगळे टीव्हीकडे बघत उभे. काउंटरमागचे म्हातारे काका डोळे पुसत होते. मला वाटलं त्यांच्या घरातलं कोणी गेलं. एका अर्थी तसंच होतं.

सरकारनं तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा. त्याची शवपेटी स्टेडियममध्ये नेऊन मैदानाभोवती फिरवली. लूझ स्टेडियम, म्हणजे बेन्फिकाचं घर. आम्ही गाडीच्या मार्गावर रस्त्याच्या कडेला उभे होतो. भयंकर पाऊस. लोकांच्या छत्र्या होत्या, पण गाडी जवळ आली तशा कितीतरी जणांनी मिटल्या, टाळ्या वाजवता याव्यात म्हणून. माणूस गेल्यावर टाळ्या वाजवतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी सगळे गप्प असतात. तिथे त्या पावसात मैलभर टाळ्यांचाच आवाज. आज हा धागा वाचताना पहिल्यांदा मनात आलं की ज्यानं स्टेपनीसाठी टाळ्या वाजवल्या, त्याला निरोपही टाळ्यांनीच मिळाला.

स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, पाय उचलून फटका मारतानाचा. पन्नासाव्या वाढदिवसाला, १९९२ मध्ये बसवलेला. तो पुतळा दिसेनासा झाला होता इतके मफलर आणि फुलं. लाल तर होतेच, पण हिरवे-पांढरेही होते. म्हणजे लिस्बनच्याच प्रतिस्पर्धी स्पोर्टिंग क्लबचे. लिस्बनमध्ये राहिलेल्या माणसालाच कळेल की स्पोर्टिंगच्या माणसानं बेन्फिकाच्या दारात आपला मफलर ठेवणं म्हणजे काय.

आकड्यांचा नाद

त्या हिरव्या मफलरांमागे इतिहासही आहे. लॉरेन्सो मार्किसमध्ये तो आधी स्पोर्टिंगच्याच शाखेच्या क्लबमध्ये होता. डिसेंबर १९६० मध्ये बेन्फिकानं त्याला लिस्बनला आणलं ते चक्क ‘रूथ मालोसो’ या बाईच्या टोपणनावानं, स्पोर्टिंगला सुगावा लागू नये म्हणून. पुढे अनेक महिने दोन्ही क्लबांची कज्जेदलाली चालली आणि पोर बिचारं खेळाविना बसून राहिलं. २३ मे १९६१ ला पहिला सामना मिळाला आणि त्यात हॅटट्रिक.

मध्यरेषा

आणि त्याच्या आईची चिठ्ठी! वडील रेल्वेत कामाला होते, हा आठ वर्षांचा असताना धनुर्वातानं गेले. आईनं, एलिसानं, सगळी पोरं वाढवली. लिस्बनला निघताना तिनं मारियो कोलुनाच्या नावे चिठ्ठी दिली, माझ्या मुलाकडे लक्ष ठेव म्हणून. कोलुनाही मोझांबिकचा, बेन्फिकात स्थिरावलेला. युसेबिओ त्याला कायम ‘सेन्योर कोलुना’ म्हणायचा. म्हणजे आपल्यात मोठ्या माणसाला साहेब म्हणावं तसं.

१९६२ ची अ‍ॅम्स्टरडॅमची अंतिम लढत, रेआल माद्रिदविरुद्ध. माद्रिदच्या पुश्काशनं पहिल्या अर्धातच हॅटट्रिक केलेली. मध्यंतराला बेन्फिका २-३ ने मागे. कोलुनानं बरोबरी साधली, मग पेनल्टी मिळाली. वीस वर्षांचा युसेबिओ कोलुनाकडे जाऊन विचारतो, सेन्योर, मी मारू का? कोलुना होकार देतो. गोल. पाच मिनिटांनी आणखी एक. ५-३. आणि सामना संपल्यावर या पोराला कप दिसतच नव्हता. त्याला हवा होता माद्रिदच्या डी स्टेफानोचा शर्ट, लहानपणापासूनच्या देवाचा. तोही कोलुनाकरवीच मागितला. लोक मैदानात घुसले, सगळे त्याला खांद्यावर घ्यायला धावले, तर यानं तो शर्ट चड्डीत खोचून घट्ट धरून ठेवला होता, कोणी ओढून नेऊ नये म्हणून. हे तो स्वतः म्हातारपणीही रंगून सांगायचा.

मला वाटतं १९६८ च्या टाळ्यांचं मूळ इथे आहे. ज्याला समोरच्या संघातला माणूस हरवल्यानंतरही देवच वाटतो, तो पुढे स्टेपनीला दाद देणारच.

फेब्रुवारी २०१४ मध्ये कोलुनाही गेला, मापुतोत. युसेबिओनंतर दोन महिनेही नाही.

रोखठोक

चिठ्ठीचं वाचून गलबललं. पण आणखी एक प्रश्न, आणि हा मांडवीतीर यांना विशेष. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीनं युसेबिओला मिरवलं. आमच्या साम्राज्यात काळा-गोरा भेद नाही, बघा आमचा युसेबिओ, असं जगाला दाखवलं. १९६४ पासून मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं आणि तिथलाच हा मुलगा पोर्तुगालच्या शर्टात. त्यावर तो उघडपणे काही बोलला नाही. तुमच्या आजोबांनी हे कसं पाहिलं असेल?

मांडवीतीर

आजोबा या प्रश्नावर काय म्हणाले असते ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. माझं सांगतो.

त्याला इटलीतून मोठमोठ्या मागण्या आल्या होत्या. राजवटीनं बाहेर जाऊच दिलं नाही. तो देशाची संपत्ती आहे म्हणाले. संपत्ती! माणसाला नाही म्हणत तसं. ज्यांच्या जमिनीपासून देवळांपर्यंत सगळ्यावर दुसऱ्यानं मालकी सांगितली, त्या गोंयकारांना या शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. त्याचे ऐन उमेदीचे दिवस, कमाईचे दिवस, डाव्या गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया, आणि सुया टोचून पुन्हा मैदानात. तो बोलला नाही हे खरं. बोलण्याची मोकळीक किती होती, तेही मोजायला हवं.

आणि एक. मफलालातल्या पोरांनी त्याला परका मानलं नाही. तो गेला तेव्हा मोझांबिकही रडलं.

रोखठोक

समजलं. मनापासून आभार.

शिट्टी

उपांत्य सामन्याचा विषय कोणी काढला नाही अजून. २६ जुलै १९६६, इंग्लंड विरुद्ध पोर्तुगाल. रेफरीच्या नजरेतून सांगतो, वर्ल्ड कपच्या इतिहासातल्या स्वच्छ सामन्यांत मी तो धरतो. इतका ताण, यजमान देश, अंतिम फेरीचं दार, आणि फाउल अगदी मोजके. सामना लिव्हरपूलला होईल असं धरून चाललेल्या पोर्तुगालला लंडन गाठावं लागलं होतं. पोर्तुगीज लोक त्याबद्दल अजून हळहळतात. तरीही मैदानावर त्याचा राग कोणी काढला नाही.

इंग्लंडच्या नॉबी स्टाइल्सनं युसेबिओला सावलीसारखं धरलं. बॉबी चार्ल्टनचे दोन गोल. ८२व्या मिनिटाला जॅक चार्ल्टननं गोलरेषेजवळ हातानं चेंडू अडवला, पेनल्टी, युसेबिओचा गोल. त्या स्पर्धेत इंग्लंडवर झालेला तो पहिलाच गोल. २-१. सामना संपल्यावर तो ढसाढसा रडत बाहेर गेला. पोर्तुगीजमध्ये त्या सामन्याला ‘अश्रूंचा सामना’च म्हणतात. तिसऱ्या क्रमांकासाठी सोव्हिएत संघाला हरवलं, स्पर्धेत नऊ गोल, सर्वाधिक. पण लोकांना नऊ गोलांइतकेच ते अश्रू आठवतात.

बॉबी चार्ल्टनही आता नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. १९६६ लाही आणि १९६८ लाही युसेबिओच्या आड तोच आला. आणि दोघांत कडवटपणा कधी आला नाही.

सातासमुद्रापार

तिथल्या एका टॅक्सीवाल्यानं सांगितलेली गोष्ट. कारकिर्दीच्या शेवटी, १९७६-७७ च्या हंगामात, युसेबिओ बैरा-मार या छोट्या क्लबकडून खेळत होता आणि सामना आला बेन्फिकाशीच. म्हणे त्यानं आधीच जुन्या सोबत्यांना सांगून टाकलं, मी तुमच्या गोलवर मारणार नाही. सामन्यात फ्री किक मिळाली, सगळे त्याच्याकडे बघू लागले, आणि तो बाजूला झाला. ड्रायव्हर हे सांगताना स्टिअरिंगवरचा हात काढून छातीवर ठेवत होता, मला अपघाताची भीती वाटत होती!

रोखठोक

गोष्ट गोड आहे, पण ही खिलाडूवृत्ती नव्हे. बैरा-मारच्या पोरांनी काय करायचं? त्यांच्यासाठी तो सामनाच मोठा होता.

पेठेतला गोली

रोखठोकभाऊ, इथे मी तुमच्या बाजूनं. ज्या शर्टात आहेस त्याच्यासाठी मारायचं. आमच्याकडे एका पेठेचा पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळला आणि जुन्या पेठेवर गोल केला नाही, तर त्याला दोन्हीकडे तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

पण रागही येत नाही त्याचा. हे त्याचं बेन्फिकावरचं प्रेम होतं आणि प्रेमात माणूस चुकतो. १९६८ चं वेगळं. तिथे त्यानं स्टेपनीला काही सोडलं नव्हतं. जीव तोडून मारला, अडला, मग दाद दिली. या क्रमाला माझ्या लेखी फार किंमत आहे.

तळ्याकाठची

पहिल्यांदाच लिहितेय इथे. ठाण्यात बारा वर्षांखालच्या मुलींना शिकवते. गेल्या पावसाळ्यात पाऊस थांबेना म्हणून वर्गात बसवून त्यांना हा १९६८ चा तुकडा दाखवला. आधी काहीच सांगितलं नाही. एकीनं विचारलं, “टीचर, त्याचा गोल झाला का? मग टाळ्या का वाजवतोय?” दुसरी म्हणाली, “नाही गं, तिचा गोलकीपर भारी होता म्हणून.” ती स्वतः गोलकीपर आहे. ‘तिचा’ म्हणाली, कारण तिच्या मनात तो खेळ मुलींचाच चालला होता.

पुढच्या रविवारी आपसांतल्या सामन्यात त्याच प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा फटका हिनं अडवला. ती क्षणभर रुसली, मग पाठीवर थाप द्यायला गेली आणि उंची पुरेना म्हणून कोपरावर मारली. मी शिट्टी फुंकायची विसरले.

पेठेतला गोली

टीचर, त्या पोरीला माझ्याकडून ग्लोव्हज पाठवतो. साइज कळवा.

मध्यरेषा

२०१५ च्या जुलैमध्ये त्याचे अवशेष लिस्बनच्या राष्ट्रीय पॅन्थिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या स्मारकात, नेले, हे राहिलं होतं. राष्ट्राध्यक्ष, कवी, आणि त्यांच्या शेजारी मफलालाचा फुटबॉलपटू. तिथे स्थान मिळालेला पहिला खेळाडू. आणि गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पोर्टोविरुद्ध उतरलेल्या बेन्फिकाच्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर स्वतःचं नाव नव्हतं. सगळ्यांच्या पाठीवर ‘युसेबिओ’. २-० जिंकले.

मांडवीतीर, तुम्हाला एक विचारायचं होतं. कोरियाच्या सामन्याचं सांगितलंत. उपांत्य सामना तुमच्याकडे ऐकला का?

मांडवीतीर

बाबांना आत्ताच फोन करून विचारलं. तो सामना आपल्याकडे मध्यरात्री सुरू झाला. आजोबांनी सगळ्यांना झोपायला पाठवलं आणि एकटे रेडिओपाशी बसले, आवाज बारीक करून. बाबा आतल्या खोलीतून ऐकत होते. दोनच्या सुमारास रेडिओ बंद झाल्याचं त्यांना कळलं. मग दिव्याची वात खाली केल्याचं. मग बराच वेळ काहीच नाही.

निकालाच्या बातमीचा ‘गोमन्तक’ आला तेव्हा आजोबांनी तो घेतला आणि घडी न मोडता तसाच माळ्यावर ठेवून दिला. बाबा म्हणाले, रद्दी काढली तेव्हाही तो अंक घडीतच होता.

मध्यरेषा

🙏